शनिवारचं विमान

शनिवार, ३ मे. जेम्सटाउन, सेंट हेलेना

पोचले. जोहान्सबर्गहून निघालेलं विमान वाटेत नामिबियात वाल्विस बेला इंधन भरून घेतं. तिथून पुढे खाली नुसता अटलांटिक. धावपट्टी कड्यावर, दोन्ही टोकांना खोल. खाली येताना वाऱ्याने विमान गदगदा हलवलं.

हॉटेल मुख्य रस्त्यावर. वरच्या मजल्याला लोखंडी नक्षीची गॅलरी. दोन्हीकडे उभे कोरडे डोंगर, मधल्या घळीत गाव. आईला फोन लागला. "पोचलीस? जेवलीस?" एवढंच.

रविवार, ४ मे

जेकब्स लॅडर. ६९९ पायऱ्या, डोंगरावरच्या किल्ल्यापर्यंत सरळ. १८२९ साली माल वर ओढायला बांधलेला चढ. पूर्वी इथली पोरं दोन्ही कठड्यांवर आडवी पडून घसरत खाली यायची म्हणे. मी वर पोचले तेव्हा पाय लटपटत होते. वरून गाव केवढंसं दिसतं.

सोमवार, ५ मे

नेपोलियन याच तारखेला गेला, १८२१ मध्ये. समाधीवर जाऊन आले. दरीत उतरावं लागतं, झाडी दाट, ओल. दगडावर अक्षर नाही. त्याच्याबरोबरच्या फ्रेंचांना नुसतं ‘नेपोलियन’ हवं होतं, इंग्रज गव्हर्नर लो ‘बोनापार्ट’वर अडून बसला. दोघंही हटेनात, दगड कोरा राहिला. १८४० मध्ये पार्थिव पॅरिसला नेलं. आता आत कुणी नाही.

मेलेल्या माणसाच्या नावावरून इतकं भांडावं!

मंगळवार, ६ मे

लाँगवुड, नेपोलियनला कैदेत ठेवलेलं घर. पठारावर धुकं, बोचरा वारा. गावात ऊन होतं, इथे स्वेटर घालावा लागला.

खिडकीच्या झडपेला दोन भोकं पाडलेली. दुर्बीण लावायला. एक उभ्या माणसाच्या उंचीवर, दुसरं खाली, बसून बघण्यासाठी. मी बसून डोळा लावला. थोडं गवत, बाकी पांढरं धुकं. बागेतल्या वाटा खणून खोल केल्यात, चालताना पहाऱ्यावरच्या शिपायांना दिसू नये म्हणून. त्याच वाटेने चालून पाहिलं. कडेची माती हाताला लागते.

थिबा राजाची सारखी आठवण येत राहिली. शाळेत असताना आमची सहल त्याच्या वाड्यावरच, रत्नागिरीतल्या रत्नागिरीत. दिवाणखान्यात पकडापकडी खेळायचो. इंग्रजांनी ब्रह्मदेशाचा राजा १८८६ मध्ये आमच्या गावात कैदेत आणून ठेवला, वाडा पुरा व्हायला १९१० उजाडलं, १९१६ मध्ये तो तिथेच गेला. तीस वर्षं. आमच्या लेखी तो डबा खायचा वाडा. कुणीतरी आम्हाला नीट सांगायला हवं होतं.

परतताना ब्रायर्स. लाँगवुडच्या आधी नेपोलियन इथे राहिला. त्याच्याही दहा वर्षं आधी, १८०५ मध्ये, इंग्रज सेनापती वेलस्ली इथेच उतरला होता. असईला शिंदे-भोसल्यांना हरवून मायदेशी चालला होता.

बुधवार, ७ मे

बटाटे संपलेत. केपटाउनहून मालाचं जहाज आलं की मिळतील. ट्यूनाचे फिशकेक मात्र झणझणीत. आणखी मागून घेतले.

आईचा फोन लागत नाही.

गुरुवार, ८ मे

दादाचा फोन. आई काल सकाळी पडली. अढीतले आंबे परतायला माळ्यावर चढली होती. खुब्याचं हाड. शेजारच्या काकूंनी उचलून दवाखान्यात नेलं. दादा रात्रीच्या गाडीने निघून पोचलाय.

माळ्यावर. या वयात.

शुक्रवार, ९ मे

खोलीत बसवेना. गव्हर्नरच्या बंगल्यावर, प्लँटेशन हाउसला गेले. हिरवळीवर जोनाथन, ते प्रसिद्ध कासव. जन्म १८३२ च्या आसपासचा. त्याला दिसत नाही, वास येत नाही. डॉक्टर हाताने भरवतात.

आईला कोण भरवतंय? दादाला वरणभातसुद्धा करता येत नाही.

उद्या निघायचं. बॅग भरली.

शनिवार, १० मे

विमान आलं. आवाज ऐकला, ढगांत दिसलं नाही. दोनदा खाली आलं, वाऱ्यामुळे परत वर गेलं. मग वाल्विस बेला माघारी.

२०१६ मध्ये विमानतळ बांधून तयार होता आणि चाचणीत हा वारा आडवा आला. प्रवासी विमानं सुरू व्हायला ऑक्टोबर २०१७ उजाडला. हे सगळं मी येण्याआधी वाचलं होतं, आवडीने वाचलं होतं.

रविवार, ११ मे

नाश्ता वाढणाऱ्या बाईंनी चहा आणला आणि समोर बसल्या. काल विमानतळावरून परत आलेली मंडळी हॉटेलात आहेत, सगळ्यांना सगळं कळलंय.

त्या आजीकडे वाढल्या. आई फॉकलंडला कामाला, वडील असेन्शनला. पैसे यायचे, सणाला खोकं यायचं. इथे बहुतेक घरांत हेच, म्हणाल्या. मी त्यांना आमच्या कोकणातल्या मनीऑर्डरी सांगितल्या. मुंबईला गेलेले बाप, गणपतीला येणारे. त्या मान हलवत राहिल्या.

आजी गेली तेव्हा विमान नव्हतं. जहाजच, केपटाउनपर्यंत पाच-सहा दिवसांचं, तेही रोज नाही. आई मातीला पोचली नाही. "मी होते ना," म्हणाल्या. "शेजारी होते. आजी एकटी नव्हती."

मग उठल्या. अंडी थंड झाली म्हणून दुसरी करून आणली.

काकूंना फोन केला. बराच वेळ बोललो. यापूर्वी त्यांच्याशी इतकं कधी बोलले नव्हते.

सोमवार, १२ मे

आईचं ऑपरेशन दहाला. तिकडचे दहा म्हणजे इथले पहाटेचे साडेचार. दिवा लावून बसले. खाली रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही.

सव्वासात. झालं ऑपरेशन. व्यवस्थित झालं.

आई दुपारी बोलली. आवाज ओढलेला. "तू घाई करू नकोस. काकू आहेत." मग दादाला म्हणाली, आंबे वाटून टाक, कुजतील.

मंगळवार, १३ मे

वारा पडलाय. विमान निघालं असा निरोप आला. जोहान्सबर्गला रात्र काढायची, तिथून मुंबई. मे महिना, कोकणकन्या भरलेली. दादा तत्काळमध्ये बघतो म्हणाला. नाही मिळालं तर एसटीने जाईन.