टाटा इन्स्टिट्यूटमधली एकटी विद्यार्थिनी

बंगळूरला गेलेले पाहुणे लालबाग पाहतात, विधान सौधासमोर फोटो काढतात, म्हैसूर सिल्कची साडी घेतात आणि परततात. यशवंतपूरजवळच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे मात्र क्वचितच कोणी वळते. दाट झाडी, करड्या दगडांची मनोऱ्याची इमारत आणि समोर जमशेटजी टाटांचा पुतळा. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेला जुनी माणसे आजही टाटा इन्स्टिट्यूट म्हणतात. मराठी माणसाने ती पाहावी, याला एक खास कारण आहे.

१९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झालेली कमला भागवत येथे शिकायला आली. लेखिका दुर्गाबाई भागवतांची ही धाकटी बहीण. वडील नारायणराव आणि काका माधवराव याच संस्थेत शिकलेले. तरीही संचालक सर सी. व्ही. रामन यांनी, केवळ मुलगी म्हणून, तिला प्रवेश नाकारला. ती हटली नाही. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर! पहिले वर्ष कसोटीचे आणि तिच्यामुळे वर्गबंधूंचे लक्ष विचलित होता कामा नये. म्हणजे लक्ष मुलांचे, जबाबदारी मात्र तिची!

कमलाबाईंनी उत्तर दिले ते कामाने. श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली त्यांनी दूध आणि डाळींतील प्रथिनांवर संशोधन केले. वर्षभरात रामन यांचे समाधान झाले आणि पुढे इतर मुलींनाही प्रवेश मिळू लागला. १९३९ मध्ये कमलाबाईंनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली.

१९४७ मध्ये त्या सौ. सोहोनी झाल्या. मुंबईत संसार सांभाळून त्यांनी विज्ञान संस्थेत अध्यापन केले, नीरेच्या पोषणमूल्यांवरील कामासाठी राष्ट्रपती पुरस्कार मिळवला आणि उशिरा का होईना, त्या संस्थेच्या संचालकही झाल्या. १९६६ मध्ये मुंबईत नऊ महिलांनी सुरू केलेल्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटीच्या कामातही त्यांनी स्वतःला झोकून दिले. व्यापार्‍याच्या वजनमापाला आणि भेसळीला जाब विचारायला गृहिणींना शिकवणारी ही संस्था. १९८२-८३ मध्ये त्या तिच्या अध्यक्ष होत्या. १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले.

आज या झाडांखालून मुली सायकलवरून प्रयोगशाळेत जातात. त्यांना कोणी अट घालत नाही. बंगळूरला गेलात, तर मुलींना घेऊन इथे जरूर या आणि कमलाबाईंची गोष्ट त्यांना सांगा.