तेरीज जुळेना

माझ्या टेबलाच्या खालच्या खणात एक जुनी खतावणी आहे. पतसंस्थेचं काम संगणकावर गेलं तेव्हा कोऱ्या खतावण्या रद्दीत निघाल्या. त्यातली एक मी साहेबांना विचारून घरी नेली आणि महिन्याभरात परत ऑफिसात आणली, कारण घरात ती नजरेला पडली की बोलणी बसतात. तिच्यात भारताच्या फुटबॉल संघाचं खातं आहे. सामन्याच्या आदल्या दिवशी डाव्या पानावर मी माझे अकरा लिहितो. दुसऱ्या दिवशी उजव्या पानावर प्रशिक्षकानं उतरवलेले अकरा, खाली निकाल. इगोर स्टिमॅच, मनोलो मार्केझ आणि आता खालिद जमील, या तिघांपैकी एकाचीही यादी मला कधी पूर्ण पटलेली नाही. त्यांना माझी पटली असती असं नाही.

कोल्हापूरच्या माणसाला यात काही नवल वाटायचं नाही. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही नावं बाहेरच्याला कुस्तीच्या तालमींची वाटतात, आणि ती तालमींचीच आहेत. पण हंगाम सुरू झाला की याच तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरतात आणि एरवी एका ताटात जेवणारे साडू चार दिवस एकमेकांचा फोन उचलत नाहीत. गॅलरीत शेंगा सोलत बसलेला म्हातारा मैदानाकडं न बघता सांगतो, ‘डाव्या बॅकला बदला, दम संपलाय त्याचा.’ आणि तो खरंच संपलेला असतो. इतरांची ही निवड समिती पेठेपुरती चालते, माझी देशाची. एवढाच फरक, पण दुखणं जरा महागातलं आहे.

२०२७ च्या आशियाई चषकाच्या पात्रता फेरीत आपल्या गटात हाँगकाँग, सिंगापूर आणि बांगलादेश होते. चारातला एक सौदीला जाणार. गट जाहीर झाला त्या दिवशी मी खतावणीत लिहून टाकलं होतं : पात्र. पेन्सिलीनं लिहिलं तेवढं बरं केलं. शिलाँगला बांगलादेशाशी गोलशून्य बरोबरी. हाँगकाँगला जाऊन एका गोलानं हार, तोही शेवटच्या घटकेला पेनल्टीवर. सिंगापूरला संदेश झिंगनला लाल कार्ड, दहा जणांत खेळताना अगदी शेवटी रहीम अलीनं बरोबरी करून दिली. आणि मग १४ ऑक्टोबर २०२५, मडगाव, पुन्हा सिंगापूर. जिंकलं तरच काही खरं होतं.

आम्ही दोघं गेलो. माझा मित्र पूर्वी एका तालमीचा गोलरक्षक होता, आता टायरचं दुकान चालवतो, आणि त्यामुळं गाडी त्याचीच असते. आजरा, आंबोली, सावंतवाडी करत दुपार कलताना मडगावात पोचलो. फातोर्ड्याच्या स्टेडियमबाहेर निळ्या जर्सी विकणाऱ्यानं आम्हाला कोकणीत भाव सांगितला, मित्रानं कोल्हापुरीत पाडून मागितला, आणि मधल्या कुठल्याशा भाषेत सौदा झाला. ऑक्टोबरातली ती गोव्याची हवा, अंगाला शर्ट चिकटलेला.

चौदाव्या मिनिटाला आपल्या छांगतेनं पेनल्टी क्षेत्राच्या बाहेरून डाव्या पायानं मारला. असे गोल टीव्हीवर नीट कळत नाहीत. मैदानात आधी पायाचा आवाज येतो, मग जाळी हलते, आणि या दोन्हींच्या मधे एक क्षण असा असतो की आपण उठून उभे राहिलेलो असतो पण का उभे राहिलो ते अजून ठरलेलं नसतं. मित्रानं मला उचललं. नव्वद किलोच्या माणसानं नव्वद किलोच्या माणसाला उचलायचं म्हणजे काय ते ज्यानं त्यानं समजून घ्यावं. त्यानंतर आपण आपल्या जुन्या सवयीप्रमाणं एकेक पाऊल मागं सरकायला लागलो. मध्यंतराला मिनिट उरलेलं असताना सोंग उई-यंगनं बरोबरी केली, आणि उत्तरार्धात ५८ व्या मिनिटाला पुन्हा त्यानंच. २-१. पुढचा अर्धा तास आपण कडेनं धावत गेलो, कडेवरून चेंडू आत टाकले, आणि दर वेळी सिंगापूरच्या बचावपटूंनी ते डोक्यानं परत धाडले. आत आपलं कुणी नव्हतंच म्हटलं तरी चालेल. नावापुरते होते, पण गोलकडं पाठ करून, अंगावर माणूस झेलत चेंडू थांबवणारा आणि वळून मारणारा, तसा कुणी नव्हता.

गाडीत बसल्यावर बांद्यापर्यंत मित्र बोलला नाही. मग म्हणाला, ‘नऊ नंबर न्हाई रं आपल्याकडं. गोली आहे, बॅक आहेत, कडेचे पळणारे तर ढिगानं. नऊ नंबर न्हाई.’ आणि आंबोलीत चहाला थांबलो तेव्हा आम्ही दोघांनी कपावर हात ठेवून शपथ घेतली, परत जायचं नाही.

नंतर ऑफिसात खतावणी काढून बघितली तेव्हा गोलरक्षक मित्राचं म्हणणं अक्षरशः लिहिलेलं सापडलं. ऑगस्ट-सप्टेंबरात मध्य आशियातल्या स्पर्धेत आपण तिसरे आलो, जमीलची ती पहिलीच स्पर्धा, आणि आम्ही सगळे खूश होतो. ताजिकिस्तानला २-१ हरवलं. ते दोन्ही गोल अन्वर अली आणि झिंगन यांचे, म्हणजे दोघे सेंटर बॅक. ओमानशी १-१, तो गोल उदांताचा. तो कडेचा खेळाडू, आणि चेंडू डोक्यानं पुढं सरकवला आपल्या मुंबईच्या राहुल भेकेनं, तोही बचावपटूच. मग पेनल्टींवर जिंकलो. मधल्या इराण आणि अफगाणिस्तानच्या सामन्यांत आपला गोल नाहीच. चार सामने, तीन गोल, आघाडीवीराच्या नावावर शून्य. तेव्हा हे समोर असून दिसलं नाही. नफा दिसत असला की खाती कोण तपासतं?

म्हणूनच तर सुनील छेत्रीला परत बोलवावं लागलं. जून २०२४ मध्ये कोलकात्यात कुवेतविरुद्ध शेवटचा सामना खेळून तो रडत मैदानाबाहेर गेला. त्या रात्री मीही डोळे पुसले आणि खतावणीत त्याच्या नावाखाली दोन रेघा मारून खातं बंद केलं. ते २०२५ च्या मार्चमध्ये परत उघडावं लागलं. त्याला बोलावणाऱ्याला हसायला मी तयार नाही, कारण त्या हंगामात इंडियन सुपर लीगमध्ये, म्हणजे आयएसएलमध्ये, सगळ्यांत जास्त गोल करणारा भारतीय तोच होता, चाळिशीला टेकलेला. मालदीवविरुद्ध आला आणि गोल करून गेला, ९५ वा. वीस वर्षांच्या कारकिर्दीबद्दल त्याचं जेवढं कौतुक करावं तेवढं थोडं. पण वीस वर्षांत दुसरा उभा राहिला नाही, ही उधारी त्याच्या नावावर टाकता येणार नाही.

ती कुणाच्या नावावर टाकायची याबद्दल माझं मत पक्कं आहे. २०१४ साली आयएसएल सुरू झाली तेव्हा एका संघात सहा परदेशी मैदानात असायचे. पुढं पाच झाले, २०२१ पासून चार. आकडा कमी झाला हे चांगलंच, पण ते चार कुठं खेळतात ते बघा. एक मधल्या बचावात, एक-दोन मधल्या फळीत, आणि एक हटकून पुढं, नऊ नंबरला. क्लबाच्या मालकाची तरी काय चूक? गोल करणारा तयार मिळतो, तो आणायचा. आपली पोरं उरलेल्या जागांवर, दोन्ही कडांना आणि मागं. म्हणून आपल्याकडं छांगते आहे, लिस्टन कुलासो आहे, महेश आहे, विक्रम प्रताप आहे. कडेनं पळायला आपण आशियात कुणाला हार जात नाही. पण पळून पोचल्यावर आत कोण?

यात कोल्हापूरनं शहाणपण शिकवू नये. आमच्याही तालमींनी नायजेरियातले धिप्पाड फॉरवर्ड आणून करंडक उचललेत, आणि आम्ही त्यांना खांद्यावर घेऊन नाचलोय. मीही नाचलोय.

आणि हे थेट घरात येतं. माझा भाचा चौदाचा आहे, शिवाजी पेठेत राहतो, गांधी मैदानावर वाढला. पावसाळ्यात त्या मैदानाचं तळं होतं. पाणी आटलं की चिखलात पहिल्यांदा जी पोरं दिसतात त्यांत तो. लहानपणापासून गोल मारणारा पोरगा. फार वेगवान नाही, पण चेंडू कुठं पडणार हे त्याला आधी कळतं, जे शिकवता येत नाही. दोन महिन्यांपूर्वी रात्री जेवताना म्हणाला, ‘मामा, मला आता राइट बॅकला खेळवायला लागलेत.’ मी म्हटलं, का रे? म्हणाला, ‘सर म्हणाले, पुढं चाचणीला जाशील तर बॅक म्हणून घेतील. सेंटर फॉरवर्ड कोण घेत नाही, ते बाहेरून आणतात.’ सरांना भेटायला गेलो होतो मी, तावातावानं. त्यांनी चहा पाजला आणि शांतपणे विचारलं, ‘पोराला नोकरी लागली पाहिजे का नको?’ पुढं बोलायला तोंडच उरलं नाही. चहा गोड होता एवढंच आठवतं.

२०१७ मध्ये १७ वर्षांखालचा विश्वचषक आपल्याकडं झाला तेव्हा आमचा अनिकेत जाधव भारताच्या पुढच्या फळीत होता आणि सगळं कोल्हापूर टीव्हीला चिकटलं होतं. जिकसन सिंगनं कोलंबियाविरुद्ध डोक्यानं गोल मारला, भारताचा विश्वचषकातला पहिला. जिकसन मधल्या फळीचा. गोल करायला आपल्याकडं नेहमी दुसऱ्या खात्यातला माणूस पाठवावा लागतो, हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

दुसरा वाद पासपोर्टचा. फातोर्ड्याला दोन गोल मारणारा सोंग उई-यंग जन्मानं कोरियाचा, पोरवयात सिंगापूरला आला, २०२१ साली तिथला नागरिक झाला. बांगलादेशानं इंग्लंडात वाढलेला हमझा चौधरी आणला, त्यानं पहिला सामना शिलाँगला आपल्याविरुद्धच खेळला. आपल्याकडं २००८ पासून नियम आहे, भारतीय पासपोर्ट असलेलाच देशाकडून खेळणार. २०२५ मध्ये रायन विल्यम्सनं ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडून आपला घेतला; त्याच्या आईचं माहेर मुंबईचं. मित्र म्हणतो, असे दहा आणा. एकेकाळी मी या मताचा कडवा विरोधक होतो, आता अर्धाच आहे. पासपोर्ट टाकून जो येतो त्याच्याबद्दल शंका घेणारा मी कोण? पण दहा आणले की माझ्या भाच्याचे सर पुढच्या पोरांना राइट बॅकसुद्धा होऊ देणार नाहीत, लांबूनच खेळ बघा म्हणतील.

खालिद जमीलवर माझा राग नाही. मुंबईत खेळलेला, मुंबई एफसी सांभाळलेला माणूस, २०१६-१७ ला आयझॉलसारख्या छोट्या शहराच्या संघाला आय-लीग जिंकून दिली. ज्याच्याकडं काही नाही त्याला घट्ट उभं कसं करायचं, हे त्याला येतं. पण घट्ट उभं राहून बरोबऱ्या होतात. विजयासाठी कुणीतरी एकानं ओळ मोडून पुढं जावं लागतं, आणि त्याच्या वहीत तरी तो एक कुठाय? वर ज्या आयएसएलमधून त्यानं पोरं निवडायची, ती २०२५ साली सुरूच झाली नाही. महासंघाचा लीगच्या हक्कांचा पंधरा वर्षांचा करार संपत आलेला, ऑक्टोबरात निविदा मागवल्या, नोव्हेंबरात मुदत संपली तरी एकही बोली आली नाही. आमच्या पतसंस्थेच्या जप्तीतल्या मोटरसायकलींनासुद्धा बोली येते.

जुन्या लोकांनी मला १९६२ च्या जकार्ता एशियाडचं सुवर्ण सांगू नये. सांगतात, आणि मी ऐकतो, कारण त्यांनी ते रेडिओवर का होईना जगलेलं असतं. मी जगलो ते २०२३, जेव्हा क्रमवारीत आपण शंभराच्या आत आलो होतो आणि मी पेढे वाटले होते. लगेच पुढं २०२४, अख्ख्या वर्षात एक विजय नाही. पेढे कशाचे, असं विचारणारे अजून ऑफिसात आहेत.

१८ नोव्हेंबर २०२५ ला ढाक्यात बांगलादेशानं १-० हरवलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा. त्याच दिवशी सिंगापूर सौदीला जायचं नक्की झालं. मी डावं पान, उजवं पान भरलं, निकाल लिहिला आणि तो ‘पात्र’ खोडरबरानं पुसला. कागद जरा फाटला.

मग गटातला शेवटचा सामना उरला, हाँगकाँगविरुद्ध, ३१ मार्च २०२६ ला. जिंकलो काय, हरलो काय, काही हलणार नव्हतं. आणि ३१ मार्च म्हणजे आमच्याकडं वर्षअखेर. त्या दिवशी घरात मयत झालं तरी तेरीज जुळवून मग जायचं, असा रिवाज आहे. तशात मित्राचा दुकानातून फोन आला, मागं टायर फुगवायच्या यंत्राचा आवाज. म्हणाला, ‘काय रं, एकतीस मार्चला काय करतोस?’

मी म्हटलं, ‘शपथ घेतलीय नव्हं?’

‘ती आंबोलीची. आंबोलीतून जायचं न्हाई, झालं.’

साहेबांकडं रजेचा अर्ज दिला. कारणाच्या रकान्यात काही लिहिलं नाही. भाच्यालाही न्यावं म्हणत होतो, त्याची परीक्षा कधी संपते ते बघायला पाहिजे होतं.