हजेरीतली नावं

सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यात, जिल्हा परिषदेच्या शाळेत मी शिकवत होते. जून उजाडला की पहिले काही दिवस माझ्यासमोर नुसती नावं असायची. पोराचं बोट धरून आई यायची, आई मुंबईला असली तर आजी यायची, आणि मी जनरल रजिस्टरचे रकाने भरत बसायचे. या एका ओळीवरून पुढं शाळा सोडल्याचा दाखला निघतो, दहावीचं प्रमाणपत्र निघतं, नोकरीचे कागद निघतात. म्हणून मी ती ओळ कधी घाईनं लिहिली नाही. ऱ्हस्व-दीर्घ विचारून घेतलं आणि हळूहळू आणखी एक प्रश्न विचारायची सवय लागली : हे नाव कसं पडलं?

आडनावांबद्दल लोक हौसेनं बोलत. एकाच वाड्यातल्या दोन चुलतभावांची पोरं वर्गात होती, एक जाधव आणि एक पाटील. कूळ जाधवांचं, पण पाटीलकी ज्या शाखेकडे राहिली तिनं हुद्दाच आडनाव म्हणून लावला. देशमुख, कुलकर्णी, चौगुले, पोतदार ही सगळी अशीच कामावरून आलेली. पोतदार म्हणजे नाणी पारखणारा. चिटणीस, फडणीस यांच्या शेपटातला ‘नीस’ हा फारसीतला ‘नवीस’, म्हणजे लिहिणारा. फलटणचे निंबाळकर मूळचे पवार, निंबळक गावावरून निंबाळकर झाले. ‘कर’ लागला की माणसाच्या मागं गाव उभं राहतं, मग तो गाव सोडून कितीही पिढ्या लोटलेल्या असोत.

सुतार, लोहार, कुंभार, परीट या आडनावांपाशी मात्र मी थबकायचे. ‘आमचं खरं आडनाव येगळं हाय बाई, पन शाळंत आजाच्या टायमाला हेच लिवलं,’ असं एका कुंभारदादांनी सांगितलं होतं. पाटलाच्या घरानं हुद्दा स्वतःहून लावला आणि कुंभाराच्या घरावर जात लिहिणाऱ्यानं लावली, असा तो फरक. रजिस्टर लिहिणाऱ्याच्या हातात केवढी सत्ता असते हे मला तिथं कळलं.

आमच्याच जिल्ह्याच्या गावी, साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, ७ नोव्हेंबर १९०० रोजी एका मुलाचं नाव दाखल झालं. रजिस्टरमधला क्रमांक १९१४, नाव भिवा रामजी आंबेडकर. घराण्याचं आडनाव सकपाळ, मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. ती शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते आणि ७ नोव्हेंबर हा दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. दरवर्षी त्या दिवशी मी मुलांना रजिस्टर उघडून दाखवायचे. तुमचंही नाव असंच एका ओळीत आहे, म्हणायचे.

पण मला ज्याबद्दल खरं लिहायचं आहे ती आडनावं नव्हेत. पाळण्यातली नावं आहेत.

पोरांच्या आजोबांची नावं लिहिताना दगडू, धोंडिबा, केरबा, कोंडिबा, भिकू, कचरू, नथू अशी रांग लागायची. वर्गातली पोरं ही नावं ऐकून हसत, तेव्हा मी एका म्हाताऱ्या आजींना वर्गात बोलावलं. त्यांच्या थोरल्या दिराचं नाव कचरू. त्या म्हणाल्या, ‘आधीची दोन लेकरं हाताला लागली न्हाईत. मग ह्याला जल्मल्याबरुबर उकिरड्यावर ठिवला आन् दुसऱ्या बाईनं उचलून आनून सासूच्या वटीत घातला. म्हनून कचरू. असलं लेकरू कोन न्हील?’ ‘कोण’ म्हणजे मरण, हे त्यांनी उच्चारलं नाही. पोरं गप्प झाली होती.

कोंडिबा मूठभर कोंड्याच्या मोलानं विकत घेतलेला. भिकू भिकेत मागून घेतलेला. नथूचं नाक टोचून नथ घातलेली, म्हणजे मृत्यूला तो मुलगी वाटावा. धोंडिबा दगडासारखा टिकावा म्हणून. कधीकधी नुसता धोंड्याच्या महिन्यात, अधिक मासात जन्मला म्हणूनही. देवी, गोवर, पटकी यांनी घरोघरचे पाळणे रिकामे केले त्या काळातली ही नावं. औषध नव्हतं, तेव्हा आईबापांनी नावाचा आडोसा केला. लेकरू हवं होतं, फार हवं होतं, म्हणूनच ते टाकाऊ आहे असं त्यांनी जगाला सांगितलं. इतकं मायेचं खोटं मला दुसरं माहीत नाही.

आणि त्याच रजिस्टरमध्ये, त्याच रकान्यात, मला नकुसा लिहावं लागायचं.

कुठं नकुसा, कुठं नकुशी, कुठं नकोशी. दुसरी किंवा तिसरी मुलगी झाली की हे नाव. कागदावर ते कचरूच्या जातीचं दिसतं, आणि अनेकांनी मला तसं सांगूनही पाहिलं : ‘जुनी रीतच हाय बाई, दगडू-धोंडू ठेवत्यात तसं.’ मी तिथं कधी मान हलवली नाही. कचरू नाव ठेवणारी आई पदराखाली लेकरू लपवत होती. नकुसा नाव ठेवणारं घर मुलीच्या तोंडूनच देवाला निरोप धाडत होतं, की आता पुन्हा मुलगी नको. पहिलं नाव त्या लेकरासाठी होतं. दुसरं नाव पुढच्या, न जन्मलेल्या भावासाठी, आणि ते वागवायचं मात्र हिनं. बारशाला आत्यानं कानात कुर्र करून सांगायचं ते हेच. राजस्थानात धापू, हरियाणात भतेरी अशी ‘आता पुरे’ म्हणणारी नावं मुलींना ठेवतात, म्हणजे हे दुखणं एकट्या आमच्या माणदेशाचं नाही. पण मला रोज हजेरी घ्यायची होती ती इथं.

ती हजेरी घेणं कठीण जायचं. ‘नकुसा’ म्हणायचं आणि समोरून एका स्वच्छ वेणी घातलेल्या मुलीनं ‘हजर’ म्हणायचं. लहान वर्गात तिला अर्थ ठाऊक नसतो. तिसरी-चौथीत कुणीतरी सांगतं. त्यानंतर हजेरीला तिचा आवाज बदलतो. हा बदल मी एकीपेक्षा जास्त मुलींमध्ये ऐकला आहे.

२०११ च्या जनगणनेचे आकडे आले. सहा वर्षांखालच्या मुलींचं प्रमाण घसरल्याची चर्चा सुरू झाली आणि सातारा जिल्हा परिषदेनं या नावाच्या मुलींची नोंद घ्यायला सुरुवात केली. आम्ही शिक्षक, अंगणवाडी सेविका, आरोग्यसेविका घरोघर फिरलो. जिल्ह्यात २८५ मुली निघाल्या. त्या ऑक्टोबरात साताऱ्यात त्यांचं नव्यानं नामकरण झालं, नव्या नावाची प्रमाणपत्रं दिली गेली. माझ्या वर्गातली मुलगीही होती. काय नाव हवं, हे मी तिच्या वडिलांना विचारलं नाही, तिलाच विचारलं. तिनं आठवडाभर घेतला. वहीच्या मागच्या पानावर नावं लिहायची, खोडायची. सिनेमातल्या नट्यांची झाली, मैत्रिणींची झाली, शेवटी तिनं जे निवडलं ते तिच्या आजीच्या माहेरच्या गावातल्या देवीचं होतं. मी रजिस्टरमध्ये शेरा घालून ते लिहिलं. घरी बरेच दिवस जुनीच हाक चालू राहिली. ती ओ द्यायची नाही. आजी चिडायची, मग कंटाळली, आणि पाच-सहा महिन्यांनी नव्या नावानं हाक मारू लागली.

जिल्ह्यानं केलेलं ते काम मला आजही मोलाचं वाटतं. पण ते मुलींपुरतं होतं. ज्या नकुशा तोवर शाळा सोडून, लग्न होऊन गेल्या होत्या, त्या तशाच राहिल्या. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहून सासरच्यांनी त्यांना वर्षा केलं, अश्विनी केलं. ते नाव घरात चाललं. आधारवर, बँकेच्या पासबुकावर, दवाखान्याच्या केसपेपरवर नकुसाच.

निवृत्तीनंतर अशी एक माझ्याकडे आली. सातवा महिना होता. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या नावात आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव लावायचं, असा नियम राज्यानं केला आहे. मला तो निर्णय वाचून फार आनंद झाला होता. ही मात्र घाबरली होती. ‘बाई, माज्या लेकराच्या नावात नकुसा येनार. दाखल्यावर, मार्कलिष्टवर, समद्यावर. ते बाळ जन्मायच्या आत खोडून द्या.’

आम्ही राजपत्रात नाव बदलायचा अर्ज भरला. अर्जात जुनं नाव, नवं नाव आणि बदलाचं कारण लिहायचं असतं. कारणाच्या जागी मी ‘अर्थ अपमानास्पद असल्याने’ असं सुचवलं. तिनं ते वाचून घेतलं आणि म्हणाली, ‘हेच लिवा. पन सही मी मोठ्या अक्षरात करनार.’ राजपत्रात नाव छापून आल्यावर आधार बदललं, आणि बाळंतपणासाठी नाव नोंदवलं ते नव्या आधारवर. मुलगी झाली. जन्मदाखल्यावर आईच्या रकान्यात नवं नाव आहे.

तिनं शेजारच्या वाडीतल्या दोघींना माझा पत्ता दिला. त्यातल्या एकीचे कागद सध्या माझ्याकडे आहेत. आधारवरची आणि शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख जुळत नाही, ते आधी दुरुस्त करावं लागेल. तिचा दाखला ज्या शाळेचा आहे तिथं सोमवारी जायचं आहे.