पंचवीसपैकी चौदा!

कोरोना म्हटलं की आपल्याला फुप्फुसं आठवतात. बस्स! पण २०२१च्या एप्रिलमध्ये हा पाहुणा आमच्याकडे मुक्कामाला आला, तेव्हा प्रत्येकाच्या शरीरात त्याने वेगळाच दरवाजा ठोठावला.

जळगावात आईला वासच येईना. गॅसवर भरताच्या वांग्याचा पार कोळसा झाला, तरी ती शेजारी शांत उभी! वास ओळखणाऱ्या चेतापेशींना हा विषाणू सहसा हात लावत नाही. त्यांना सांभाळणाऱ्या आधारपेशींना आडवं करतो. म्हणजे कलाकार धडधाकट, पण बॅकस्टेजची टीमच आजारी. ती टीम नव्याने उभी राहते, म्हणून बहुतेकांचा वास परततो. आईला तीन आठवड्यांनी फोडणीतला लसूण कळला.

खरं टेन्शन धुळ्यात होतं. मामाचा एचआरसीटी स्कोअर आला १४. फुप्फुसांचे पाच भाग, प्रत्येकाला पाच, एकूण २५. कमी मार्कवाला पास, अशी ही विचित्र परीक्षा! आणि मामा? फोनवर मला केळीचे भाव सांगत होता अन् बोटावरचा ऑक्सिमीटर दाखवत होता ८६. धाप नाही, काही नाही. आपल्याला गुदमरतं ते मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साचला की. तो तर बाहेर पडत असतो. ऑक्सिजन मात्र सुजलेल्या, पाणी भरलेल्या वायुकोशांतून रक्तात पोचत नाही. मेंदूचा अलार्म वाजतच नाही. ‘मी एकदम बरा शे,’ म्हणतच मामा अॅडमिट झाला.

तिथे डॉक्टरांचं लक्ष डी-डायमरवर, म्हणजे रक्तात गुठळ्या होताहेत का याकडे. रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर सुजलं की रक्त गोठू लागतं. आणि रक्तवाहिन्या कुठे नाहीत? हृदय, मूत्रपिंडं, मेंदू... त्यात आपलीच प्रतिकारशक्ती भलत्या जोशात येऊन घरच मोडायला लागते. तिला आवरायला स्टेरॉइड, अन् स्टेरॉइडने शुगर ३००च्या वर. त्या वर्षी राज्यभर म्युकरमायकोसिसने गाठलं ते मुख्यतः अशाच शुगरवाल्यांना. मामी रोज व्हिडिओ कॉलवर त्याचे डोळे अन् गाल निरखायची.

सतरा दिवसांनी तो घरी आला. सहा महिन्यांनंतरचा स्कॅन पुष्कळ साफ होता, पण खालच्या भागात थोडे व्रण राहिलेत. तेवढं फुप्फुस पूर्वीसारखं फुगत नाही. पांझरेच्या पुलावर तो अजून रोज फिरायला जातो. मध्यावर थांबतो. नदीत पाणी असो-नसो, ते बघत असल्यासारखं करतो. मग आम्हीही बघतो.