पुतणी टाके घालते

आमच्या घराण्याचा लोखंडाशी संबंध तवा, अडकित्ता आणि ट्रंक एवढाच. बाकी सगळे मास्तर नाहीतर कारकून. त्यामुळे शहापूरकडे इंजिनिअरिंग शिकणाऱ्या पुतणीने "मी वेल्डिंग शिकतेय" म्हटल्यावर वहिनींनी आधी देवापुढे आणि मग माझ्यापुढे हात जोडले. देव गप्प राहिला. सोबत म्हणून माझी नेमणूक झाली.

प्रकरण बाहा नावाच्या स्पर्धेचे. 1976 साली अमेरिकेत साउथ कॅरोलिना विद्यापीठात ती सुरू झाली, आपल्याकडे 2007 मध्ये आली. पोरांनी एकट्याने बसायची गाडी स्वतः बांधायची आणि दगडधोंड्यांतून पळवायची. (शहापूरहून किन्हवलीमार्गे मुरबाडला जाणाऱ्यांना यात स्पर्धा कसली, असे वाटेल. वाटेत सरळगाव लागते. ते नाव रस्त्यावरून पडलेले नसावे.) गाडी उलटली तर डोके वाचावे म्हणून भोवती पोलादी नळ्यांचा पिंजरा असतो. नळीची जाडी दीड-दोन मिलिमीटर. आणि त्यात बसणार आमची पुतणी!

गुरुजी मिळाले मुरबाड रस्त्यावरच्या एका शेडमध्ये. एरवी खिडक्यांच्या जाळ्या आणि ट्रॉल्या करणारे मिस्त्री. म्हशाच्या जत्रेत बैल पाहावा तशी त्यांनी नळी चहूबाजूंनी पाहिली, नखाने वाजवली आणि म्हणाले, "ताई, जाडाला ताकद लागते, पातळाला नजर लागते."

नजर लागली ती लगेच. रॉड टेकवला, लखकन उजेड झाला आणि नळीला रुपयाएवढे भोक पडले. मिस्त्रींनी मशीनचा करंट साठ अँपिअरपर्यंत उतरवला. आधी चार बाजूंनी चार टाके, मग बोटाच्या पेराएवढी रेघ, मग थांबायचे. पुढची रेघ समोरच्या बाजूला. एकाच बाजूने ओढत गेले की तापलेले लोखंड आकसते आणि पिंजरा वाकडा होतो. मला हे ऐकून आजीची गोधडी आठवली. तीही आधी कच्चे टाके घाली.

मला काम एकच होते: काचेशिवाय उजेडाकडे न पाहणे. तसे पाहिले की रात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखे होते. म्हणून मी पाठ करून नुसते ऐकत बसे. करंट बेताचा असला की एकसारखे चुरचुरते, जास्त झाला की फटफटते, आणि रॉड चिकटला की पुतणी चुरचुरते. महिन्याभरात पाठमोराच "भोक पडलं" म्हणून सांगण्याइतकी माझी प्रगती झाली.

पण खरी परीक्षा नियमपुस्तकात होती. वेल्डिंग करणाऱ्याने त्याच नळीचे दोन नमुने स्वतः करायचे. एक तीस अंशांचा. तो उभा कापून रस आतपर्यंत उतरला का ते पाहायचे. दुसरा काटकोनातला, तो मुद्दाम मोडायचा. मोडताना नळी फाटली पाहिजे, जोड सुटता कामा नये.

मिस्त्रींनी नमुना शिकंज्यात आवळला, तोंडाला लांब पाइप घातला आणि सगळे वजन टाकले. मी या खेपेस पाठ केली नाही. नळी वाकली, करकरली आणि जोडाच्या शेजारी टरकन फाटली. जोड जागच्या जागी.

पुतणी नाचायला लागली. तेवढ्यात वहिनींचा फोन.

"कसला आवाज झाला हो?"

"मोडलं, वहिनी!" मी आनंदाने ओरडलो. पुढचे ऐकायला त्या फोनवर थांबल्या नाहीत; पुढच्या लोकलने आसनगावला उतरल्या.