विरळणी

पोस्टडॉकची मुलाखत मी इस्लापूरच्या घराच्या गच्चीवरून दिली. रेंज तिथंच येते. खाली सोयाबीनची मळणी चालू होती. प्राध्यापकांनी विचारलं, ऑटोफॅजीचा वेग कसा मोजलात? बॅफिलोमायसिननं लायसोसोमचं काम अडवायचं आणि साचलेलं एलसी-३ प्रथिन मोजायचं, हे मी सांगू लागले तसं अण्णांनी हात करून यंत्र बंद करायला लावलं. भाड्याचं यंत्र पाऊण तास उभं राहिलं.

हैदराबादला निवड झाली. गावात एकच प्रश्न : "पर्मनंट हाय का?"

नव्हती. पीएच.डी.नंतर दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत दोन-तीन वर्षं राबायचं, स्वतःची प्रयोगशाळा मागता येईल एवढं काम उभं करायचं, याचं नाव पोस्टडॉक. २०२३ पासून केंद्राच्या दरानं रिसर्च असोसिएटला पहिल्या पायरीवर महिना ५८,००० रुपये आणि वर घरभाडं. ‘सर्ब’ या केंद्राच्या संशोधन मंडळानं राष्ट्रीय पोस्टडॉक फेलोशिपला वयाची मर्यादा ३५ ठेवली होती, बायकांना ५ वर्षांची सूट. ती सूट मला उपकार वाटत नाही. आमच्याकडच्या शिकणाऱ्या मुलींची दोन-तीन वर्षं मध्ये कुठंतरी जातातच, माझी बी.एस्सी.नंतर गेली.

मायला काम समजावताना मी फोनवरचा फ्लास्कचा फोटो दाखवला. पेशी ३७ अंशांवर, ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये वाढतात. त्यांचं पोषकद्रव फिनॉल रेडमुळं लालसर असतं. पेशी वाढतात तसं ते आंबट होत जातं, आधी नारिंगी, मग पिवळं. पिवळं दिसलं की बदलायचं. पेशी फार दाटल्या तर ट्रिप्सिननं तळापासून सोडवून नव्या फ्लास्कमध्ये थोड्या-थोड्या सोडायच्या.

"म्हंजे विरळणीच की," माय म्हणाली. कपाशीत तिचा जन्म गेला. इतक्या नेमकेपणानं मला कधी सांगता आलं नव्हतं.

पहिल्याच वर्षी पाच महिने मानधन आलं नाही. मंजुरीचा कागद कुठंतरी अडकला होता. अण्णांनी कापूस विकून २०,००० रुपये पाठवले. देशासाठीच्या संशोधनाचा खर्च कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरावर पडावा, हे मला आजही सहन होत नाही. त्या पाच महिन्यांतही पेशींचं द्रव बदलायचा एकही रविवार मी चुकवला नाही. पेशींना मंजुरीचा कागद कळत नाही.

दिवाळीला दोनच दिवस आले आणि शनिवारी परत निघाले. सहस्रकुंड स्टेशनवर मायनं विचारलं, "एक दिस उपाशी राहिल्या तर मरतेत का गं त्या?"

"लगेच नाही मरत, माय. आधी आपल्याच आतलं मोडून खातात. तेवढ्यावर तग धरतात. तेच तर मी मोजते."

२०१६ चं शास्त्रज्ञ ओसुमींचं नोबेल याच ऑटोफॅजीची यंत्रणा शोधल्याबद्दल होतं, हेही सांगणार होते. पण तिनं पिशवी माझ्या हातातून परत घेतली होती आणि पदरात बांधलेली दोन हजारांची पुडी काढून ती माझ्या डब्याखाली सरकवत होती.