लाडूबाई

गड्ड्याच्या यात्रेला यंदा माझी भाची पुण्याहून आली. हुतात्मा एक्स्प्रेस रात्रीची. जेवण झाल्यावर भांडी आवरताना हळूच म्हणाली, "आत्या, एक विचारायचंय."

मला अंदाज आला. दोन वर्षांपूर्वी हिने असंच हळूच विचारलं होतं. मांड्यांवरची चरबी काढून घ्यायची होती, लायपोसक्शन म्हणतात ते. पैसे कमी पडत होते. मी एफडी मोडून दिले, एक शब्दही न विचारता. का, ते पुढे सांगते.

"मांड्या अजून बारीक आहेत बघ. पण पोट सुटलं. ब्लाउज होईनात. मीच खा खा केली असणार. आता पोटाचंही करून घेऊ का?"

मी जन्मभर मराठी आणि इतिहास शिकवला, मला यातलं काय कळणार? नातू मेडिकलला आहे. रविवारी तो घरी आला तसं त्याला धरून बसवलं. म्हटलं, मला समजेल अशा भाषेत सांग.

त्याने सांगितलेलं ऐकून मी गप्पच झाले. अमेरिकेत कोलोरॅडोला काही बायकांवर हाच अभ्यास झाला, २०११ साली छापून आला. त्यांची मांड्या-नितंबांची चरबी काढली होती. वर्षभराने मोजलं तर अंगातली एकूण चरबी जवळजवळ पहिल्याइतकीच. मांड्यांवर परत आली नव्हती, पोटाकडे आली होती. म्हणजे हिचीच गोष्ट! मोठ्या माणसाच्या अंगात चरबीच्या पेशींची संख्या साधारण ठरलेली असते म्हणे. दरवर्षी दहातली एक मरते, तिच्या जागी नवी येते. शरीर आपला हिशेब सोडत नाही. आमच्या शाळेतले क्लार्क असेच होते.

त्याआधी २००४ साली पंधरा लठ्ठ बायकांच्या पोटावरून प्रत्येकी नऊ-दहा किलो चरबी काढली. दहा-बारा आठवड्यांनी पाहिलं तर रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल जिथल्या तिथे. कारण नळीने निघते ती कातडीखालची. आतड्यांभोवतीची, यकृतातली खरी त्रासदायक, ती तशीच राहते.

आणि बारीक दिसणाऱ्यानेही खूश होऊ नये. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा जोडीने काढलेला फोटो 'लॅन्सेट'मध्ये आला होता, तोही २००४ चाच. उंची-वजनाचं गणित, ते बीएमआय, दोघांचं सारखंच, २२.३. पण अंगात चरबी युडकिनसाहेबांच्या ९.१ टक्के, आपल्या याज्ञिकांच्या २१.२! आपण भारतीय लोक बारीक दिसून आतून चरबीवाले असतो ते असे.

असो. मला बोचलं ते वेगळंच. ही दोन वर्षं स्वतःलाच दोष देत बसली होती. ती सवय कुणी लावली? ती सात-आठ वर्षांची असताना सुट्टीत आमच्याकडे यायची. मी तिला सगळ्यांसमोर 'लाडूबाई' म्हणायचे. घर हसायचं, तीही हसायची. पुढे ती फ्रॉक ओढून मांड्या झाकत बसायला लागली, तेही मी पाहिलं होतं. वर्गात मुलांना नावं ठेवू नका म्हणून सांगणारी मी! म्हणून एफडी मोडताना माझ्या तोंडून प्रश्न निघाला नव्हता. पैसे देऊन सुटले असं वाटलं होतं.

रात्री तिला सगळं सांगितलं. म्हटलं, "यात तुझी चूक नाही गं. आणि पोटासाठी मी पैसे देणार नाही." ब्राझीलमधल्या बायकांचंही सांगितलं. तिथे शस्त्रक्रियेनंतर ज्यांनी आठवड्यातून तीनदा व्यायाम केला, त्यांच्या पोटात आत चरबी वाढली नाही, न करणाऱ्यांची वाढली. मग लाडूबाईचं काढलं. माफ कर म्हणाले.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आत्या, मला वाटायचं तू विसरलीस."

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही सिद्धेश्वर तलावाला फेरी मारली. माझे गुडघे अर्ध्यातच बोलायला लागले. मी कट्ट्यावर बसले, ती पुढे गेली. पुण्याला जाताना शेंगाचटणी आणि कडक भाकरी बांधून दिली. पोटाच्या शस्त्रक्रियेचं तिने नक्की काय ठरवलं ते मी विचारलेलं नाही. दर रविवारी फोन येतो.